निळूभाऊंचा मऊ आवाज

लहानपणी जत्रेतल्या तंबूत निळू फुले पडद्यावर दिसले, की आमच्या पाटण खोऱ्यातल्या बायका बोटे मोडत. राष्ट्र सेवा दलात घडलेला, पुण्यात माळीकाम केलेला हा सालस माणूस. शिव्याशाप हीच त्याची दाद! 'एक गाव बारा भानगडी'पासून (१९६८) ती मिळत राहिली. पुढे इरसाल पाटलाचा साचाच पडला आणि कित्येक चित्रपटांनी त्यांना नुसते वापरून घेतले, असे माझे मत आहे.

निळूभाऊ २००९ साली गेले. 'सामना' (१९७५) मी त्यानंतरच, वडीलही गेल्यावर पाहिला. वडील गावातले छोटे पुढारी होते. चित्रपटातले साखरसम्राट हिंदुराव एका बेवारस, मद्यपी मास्तरला घरी आणतात, मायेने जपतात. मास्तर मारुती कांबळेविषयी विचारू लागतो, तेव्हा निळूभाऊंचा आवाज चढत नाही. उलट अधिकच मऊ होतो. तो मऊपणा माझ्या ओळखीचा होता. वाटणीचे विचारायला ओसरीवर आलेल्या माझ्या विधवा चुलतीला वडील याच स्वरात म्हणत, "वहिनी, आधी चहा घ्या." ती जमीन अजून आमच्याच नावावर आहे. चित्रपट मी तिथेच थांबवला. उरलेला दुसऱ्या दिवशी पाहिला.