कुरुंदवाडची माणसे

परवा शिरोळहून एस.टी.ने कुरुंदवाडला निघालो होतो. शेजारी कॉलेजचा एक पोरगा बसला होता. नरसोबाची वाडी मागे पडली, पंचगंगेचा पूल आला. सहज विचारले, "काय रे, पलुस्करांचे नाव ऐकले आहेस का?" तो म्हणाला, "कुठल्या वर्गाला शिकवत्यात?" मला हसू आले. पण लगेच वाटले, हसतोस काय? तू पंचवीस वर्षांचा होतास, याच पुलावरून रोज लुना दामटत होतास, तेव्हा तुला तरी ते कुठे ठाऊक होते?

कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. होऊन मी नोकरीला लागलो आणि १९९५ साली या भागात आलो. कृष्णा आणि पंचगंगा वाडीला मिळतात. पंचगंगेच्या पलीकडे दत्ताची वाडी, अलीकडे कुरुंदवाड. नदीकाठी मळईची जमीन, आत गेले की काळीभोर, वावभर खोल माती. मातीचा सामू, नत्र, स्फुरद, सगळे मला तोंडपाठ. माणसांचे मात्र काहीच नाही.

ते शिकवले आबांनी. आडनाव सांगत नाही, त्यांना ते आवडायचे नाही. गल्लीत सगळे आबाच म्हणत. साठीचा गडी, काठावर वांग्याचे पीक, वरच्या बाजूला दोन एकर काळे रान. कृष्णाकाठची वांगी काय असतात हे खाल्लेल्यालाच कळते. आबांचे वांगे देठाला धरून हलवले तरी बी वाजायचे नाही, इतके कोवळे.

संध्याकाळी आबा घाटावर बसत. मी फॉर्म भरायला म्हणून जाई आणि दिवेलागणीपर्यंत अडकून पडे. घाटावर सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी म्हणून दाखवतात. मोगलांची घोडी पाणी प्यायला बिचकत, ते याच संताजींच्या धाकाने. १६९७ साली ते मारले गेले, तेही मोगलांच्या लढाईत नव्हे. आबा म्हणायचे, "पादशाला जमलं न्हाई सायेब, त्ये घरच्या भांडणानं केलं."

पुढे गाव पटवर्धनांचे संस्थान झाले. त्याचेही दोन तुकडे पडले, थोरली पाती आणि धाकटी पाती. १९४८ साली दोन्ही पात्या मुंबई राज्यात विलीन झाल्या. तालुक्याची कचेरी शिरोळला राहिली. "राजाचं गाव आमचं, आन् सातबाऱ्याला शिरोळ," असे आबा दर खेपेला म्हणत. या विषयावर मी कधी बोललो नाही. माझी कचेरीही शिरोळलाच होती.

आणि पलुस्कर. विष्णु दिगंबर पलुस्कर, जन्म १८७२, याच गावात. वडील कीर्तनकार. दत्तजयंतीच्या वेळी फटाका तोंडाजवळ उडाला आणि पोराच्या डोळ्यांना इजा झाली. मिरजेला उपचार झाले, पण नजर पुरती परत आली नाही. शाळा सुटली. मग मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली गाणे शिकायला बसवले. त्या काळी गवई म्हणजे कुणा राजाच्या पदरी. या माणसाने १९०१ साली थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढले, आणि तेही राजाच्या मर्जीवर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन हे त्यांचेच शिष्य. १९३१ साली मिरजेत वारले. आबांना गाण्यातले काही कळत नसे. त्यांना कौतुक वर्गणीचे. "आंधळं व्हायला आलेलं प्वार, आन् परमुलखात जाऊन लोकांच्या पैशावर शाळा चालवली. किती लोकांच्या पाया पडला आसंल!"

आता माझी गोष्ट सांगतो, ती सांगताना अजून मान खाली जाते.

आबांचे ते वरचे काळे रान शाळू-हरभऱ्याचे होते. उपसा योजनेचे पाणी आले आणि मी त्यांच्या मुलाच्या मागे लागलो. आडसाली ऊस लावा, भरपूर पाणी, भरपूर खत, उतारा बघा. आबा एवढेच म्हणाले, "सायेब, पानी द्यायला समदी शिकिवत्यात. काढायचं कुनी शिकवायचं? आमच्या आज्ज्यानं बांधाकडंनं चर ठेवलेवता." मी हसलो. चराची जागा वाया जाते म्हणून तो बुजवायला मीच सांगितले. पहिल्या वर्षी ऊस असा आला की मी इतर शेतकऱ्यांना घेऊन तो दाखवायला गेलो. १९९९ साली माझी बदली झाली.

२०१५ साली बढतीवर परत आलो. ते रान बघितले आणि उन्हात उभे राहवेना. भारी मातीत पाण्याला वाट नाही. वर्षानुवर्षे पाट सोडला की जमिनीखालचे पाणी वर चढते, त्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. माझ्या पुस्तकात हे सगळे होते. मी वाचलेही होते. ऊस गुडघाभर, मध्ये मध्ये पांढरे चट्टे. आबा घरी होते. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

उपाय होता. शिरोळच्या दत्त कारखान्याने पुढाकार घेऊन तालुक्यात क्षारपड जमिनी सुधारण्याचे काम चालवले होते. तीन-साडेतीन फूट खोल चर काढून त्यात जाळी गुंडाळलेले भोकांचे पाइप पुरायचे आणि निचरा ओढ्याला सोडायचा. पण हे एकट्याचे काम नव्हे. पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे तर खालच्या रानातून पाइप गेला पाहिजे. खालचे रान ज्यांचे, त्यांच्याशी आबांच्या घराचे बांधावरून बोलणे बंद होते. मी चारदा त्यांच्या दारी गेलो. चारदा पाणी पिऊन परत आलो.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. दोन्ही नद्या एक झाल्या. आठवड्याहून अधिक दिवस ऊस पाण्याखाली कुजला. पंचनामे करायला गेलो तेव्हा एका शाळेच्या वर्गात दोन्ही घरे शेजारी शेजारी अंथरुणे टाकून पडलेली. महिना होतो न होतो तोच गणपती आणि मोहरम एकत्र आले. बाहेरच्यांना सांगितले तर पटत नाही, पण कुरुंदवाडात पाच मशिदींत गणपती बसतो. दोन सण जुळून आले की पीर आणि गणपती एकाच छपराखाली. त्या वर्षी घरात चिखल होता, तरी हे चुकले नाही.

तिथेच एका संध्याकाळी आबा शेजाऱ्याला म्हणाले, "पुरात तुजा बांध दिसला व्हय रं? मला तर न्हाई दिसला." शेजारी बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पाइप बांधाच्या कडंनं न्या. मधनं न्हाई." त्याची अट रास्त होती.

पाइप २०२१ च्या उन्हाळ्यात पुरले. त्याच जुलैत पुन्हा पूर आला, पण पाइप जागचे हलले नाहीत.

परवा एस.टी.तून उतरून मी तिकडेच गेलो होतो. माझ्या निवृत्तीला आता दोन वर्षे उरली. आबा नव्वदीला टेकलेत, नातवाचा खांदा धरून ओढ्यापर्यंत आले. वरच्या रानात ताग कमरेला लागत होता, पांढरे चट्टे कोपऱ्यात थोडे राहिलेत. पाइपाच्या तोंडातून करंगळीएवढी धार पडत होती. आबांनी काठीने तिकडे दाखवले.

"चाखा की सायेब."

ओंजळ धरून घोटभर घेतले. खारट होते.