काचेचं कॅबिनेट

भिशीचा नंबर लागला आणि मुलीला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. ती लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, निकाहची आणि अकिक्याची कार्डं बनवते. जुन्या लॅपटॉपवर एक व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडायला अख्खी रात्र जायची. हातात पंचेचाळीस हजार, वर एक रुपया नाही. मॉनिटर जुनाच चालवायचा. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस ही यादी तिनेच केली आणि त्यातलं मला फारसं कळत नसल्याने वादही झाला नाही. वाद झाला कॅबिनेटवरून, म्हणजे हे सगळं ज्या डब्यात बसवायचं त्या डब्यावरून. तिला एका बाजूला काच असलेला हवा होता.

साधा पत्र्याचा चौदाशे रुपयांना मिळत होता. काचेचे अडीच हजारांपासून पुढे, वर कितीही. तेवढ्या फरकात एसएसडी मोठी आली असती. मी म्हणालो, हा निव्वळ दिखावा. ती आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, "अब्बा, दिखावे कू देखनेवाला भी होना ना. मेरे कमरे में दादी के सिवा कौन आता?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. पण पटलंही नाही.

आमचं घोडेगाव नगर-औरंगाबाद रस्त्यावर. शनिशिंगणापूरला जाणारे इथूनच वळतात. त्या गावात घरांना दारं नाहीत, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. 2011 मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली तेव्हा प्रश्न पडलाच असणार, की बँकेला दार तर हवं आणि गावाच्या श्रद्धेला धक्काही नको. त्यांनी काचेचं दार लावलं, आणि सहज नजरेत न येणारं विजेवर चालणारं कुलूप. मी मुलीला हे उदाहरण दिलं: बघ, काच लावली म्हणजे सगळं उघड झालं असं नसतं. ती हसली आणि म्हणाली, बँकेनेसुद्धा काचच निवडली ना?

शेवटी नगरला गेलो. दुकानात गेल्यावर कळलं की काच हा खरा प्रश्नच नव्हता. खरा प्रश्न समोरच्या बाजूचा. सगळ्यात देखणा होता तो समोरून आणि बाजूने काच असलेला, माशांच्या टाकीसारखा. मुलीचे डोळे तिथेच अडकले. पण त्याच्यासोबत पंखा एकही येत नव्हता, आणि समोर काच असल्यामुळे हवा आत घ्यायला खालून नाहीतर आतल्या बाजूने वेगळे पंखे बसवावे लागणार होते. म्हणजे किंमत चिठ्ठीवर एक आणि घरी येईपर्यंत दुसरी. दुसरा स्वस्त होता, पण त्याच्या तोंडावर गुळगुळीत प्लास्टिकची पाटी आणि कडेला बोटभर फट. तेवढ्या फटीतून तीन पंख्यांनी श्वास घ्यायचा. त्याची बाजूची काचही काच नव्हतीच, अ‍ॅक्रिलिक होतं. अ‍ॅक्रिलिक पुसता पुसता चरे पडतात आणि कोरड्या फडक्याने घासलं की धूळ उलट जास्त चिकटते.

घेतला तो तिसरा, तीन हजार दोनशेला. समोर जाळी, जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर, बाजूला टेम्पर्ड काच, एकशेवीस मिलिमीटरचे तीन पंखे आधीच बसवलेले. तिचा मदरबोर्ड मायक्रो-एटीएक्स, साधारण 244 मिलिमीटर चौरस, त्यामुळे मोठं धूड घेण्याचं कारण नव्हतं. आणखी एक गोष्ट मुलीने विचारली, जी मला कधीच सुचली नसती: पंख्यांचे दिवे बंद करता येतात का? काही स्वस्त कॅबिनेटमध्ये ते बंदच होत नाहीत. ज्या खोलीत आजी झोपते तिथे रात्रभर लाल-निळी रोषणाई म्हणजे रोजचा उरूस.

येताना एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसलो. खाली ठेवायची हिंमत झाली नाही.

जाळीचा आग्रह मी धरला होता. आमच्याकडे कांद्याचा बाजार भरतो. हंगामात रस्त्याकडेला ट्रकांची रांग, आणि वाऱ्यावर कांद्याची टरफलं उडत असतात, इतकी हलकी की बंद खिडकीतूनही कशी येतात कळत नाही. दोन महिन्यांनी फिल्टर काढला तर त्यावर गुलाबी टरफलांचे तुकडे चिकटलेले. पत्र्याचा डबा असता तर दोन महिन्यांनी तो उघडला असता का? माझ्या स्वभावाने, नाही.

काचेचं एक मात्र सांगून ठेवतो. त्याच दिवशी मी काच काढली आणि नव्या खोलीतल्या टाइल्सवर उभी टेकवायला गेलो. मुलगी ओरडली. टेम्पर्ड काच मधोमध ठोसा सोसेल, पण तिची कड चिनी मातीच्या कडक टाइलवर टेकली तर क्षणात बारीक खड्यांचा ढीग होतो. बनवताना तिचा पृष्ठभाग दाबलेला आणि पोट ताणलेलं ठेवतात. कडेला इवलीशी चीर गेली की तो ताण एकदम सुटतो. आता काच निघाली की आधी पलंगावर आडवी, गादीवर.

रमजाननंतर लग्नांचा हंगाम लागला. एका रात्री मुलगी व्हिडिओ लावून झोपली होती, सकाळी पार्टी घ्यायला येणार होती. तिच्या आग्रहाने घेतलेले ते दिवे त्या दिवशी चालू राहिले होते. अम्मी तहज्जुदला उठली. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, माऊसला ती अजून डबी म्हणते. तिने मला हलवून उठवलं.

"वो पिछला पंखा काहेकू बंद है? बाकी के तो फिर रहे."

मी जाऊन पाहिलं. मागचा पंखा थांबला होता. एक वायर सुटून पात्यांत अडकली होती आणि वरच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. मुलीला उठवलं, काम थांबवून मशीन बंद केलं, वायर टायने बांधली आणि पुन्हा सुरू केलं. फजरच्या अजानीला व्हिडिओ तयार होता.

अम्मी आता रोज जाता-येता काचेतून डोकावते आणि बोटावर मोजते: एक, दो, तीन.