काटा नव्वदावर

म्युनिकला निघताना भाऊंनी एकच काम सांगितलं होतं, "पोरगा फोनवर 'सगळं ठीक' एवढंच म्हणतो. एकदा डोळ्यांनी बघून ये." वहिनींना जाऊन नुकतंच वर्ष झालं होतं.

पुतण्यानं मला ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉक्नरचा घाट दाखवायला नेलं. १९३५ साली खुला झालेला हा रस्ता ४८ किलोमीटरांचा. अवघड वळणं ३६ आणि खिंड २,५०४ मीटरवर. आपला खंडाळा म्हणजे यापुढे अंगणातला ओटाच! गाडी त्याची लाडकी, टर्बोवाली गोल्फ जीटीआय.

सभोवार बर्फाची शिखरं. पण माझी नजर काट्यांवर. घाटात बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतण्याच्या काळातला मी माणूस! इथं पाण्याचा काटा ९० अंशांवर बसला तो हलेचना. शेजारी तेलाचा आकडा मात्र ९५, १०४, ११२ असा चढत होता.

"अरे थांबव! गाडी तापली!"

"काका, चढावर टर्बो जोर लावतो, तेव्हा ११०-१२० नेहमीचंच. त्याच्याही फार पुढं जाऊ लागलं, तर पाय सैल करायचा. खरं जपायचं ते सकाळी, तेल गार असताना."

"आणि पाण्याचा काटा? किती शहाणा आहे तो!"

तो हसला. "तो मुद्दामच तसा केलाय. पाणी ८० असो की १००, तो नव्वदच दाखवतो. लोकांनी उगाच घाबरू नये म्हणून. खरी हकिकत तेल सांगतं."

म्हणजे हा काटा 'इकडील सर्व क्षेम' छापाचा! मला भाऊंचं काम आठवलं.

खिंडीआधीचं शेवटचं अंतर त्यानं सावकाश काटलं. तापलेला टर्बो निवेपर्यंत त्यातून तेल फिरतं राहावं लागतं. गाडी थांबल्यावर मी विचारलं, "बाबांना फोनवर दाखवतोस तो पाण्याचा काटा. तुझं तेल किती?"

तो बराच वेळ बर्फाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "रात्र रात्र झोप नसते, काका. आईचा नंबर अजून फोनमधून काढलेला नाही."

आम्ही तिथं तासभर बसलो. बोलला तोच.

उतारावर तेल पुन्हा ९५ वर आलं. खालच्या गावात पोचताच त्यानं भाऊंना फोन लावला. या खेपेला 'सगळं ठीक' म्हणाला नाही. मी गाडीतून उतरून जरा दूर जाऊन उभा राहिलो.