मु. पो., ता., जि.

५ जून २०२५

वसतिगृहाच्या प्रवेशनोंदीचा फॉर्म अ‍ॅक्सेसमध्ये नव्याने करायला घेतला. जुन्या फाइलीत गाव, तालुका, जिल्हा हे तिन्ही रकाने मोकळे. हाताला येईल ते टाईप करायचे. त्यामुळे कुठे शिरूर, कुठे शिरुर. आणि शिरूर तरी कोणते? पुण्याचे, बीडचे शिरूर कासार की लातूरचे शिरूर अनंतपाळ? खेड पुण्यात आहे, रत्नागिरीतही. कर्जत रायगडात आणि नगरकडेही. मालेगाव नाशिकला आणि वाशिमला, कारंजा वाशिमला आणि वर्ध्याला. नुसता तालुका लिहिला तर मुलगा कुठला, हे त्या मुलालाच ठाऊक.

तेव्हा जिल्हा निवडला की त्याचेच तालुके दिसावेत आणि तालुका निवडला की त्याचीच गावे. टंकणाचा त्रास वाचतो हा वरचा नफा. चुकीची जोडी निवडताच येऊ नये, हे खरे कारण.

७ जून

आज फॉर्म उघडलाच नाही, तक्तेच केले. जिल्ह्यांच्या ३६ ओळी, तालुक्यांच्या ३५८. प्रत्येक तालुक्यापुढे त्याच्या जिल्ह्याचा क्रमांक. गावे जनगणनेच्या यादीतून उचलली. ती चाळीस हजारांच्या वर आहेत आणि बुद्रुक-खुर्द पाहता नावावर विसंबण्यात अर्थ नाही. जनगणनेचा संकेतांक सोबत ठेवला.

विद्यार्थ्याच्या नोंदीत जिल्हा साठवायचाच नाही. तालुका कळला की जिल्हा कळतोच. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला तेव्हा अशा रचनेत फक्त आठ तालुक्यांपुढचा क्रमांक बदलावा लागला असता. नगरचे अहिल्यानगर करायला तर एकच ओळ. एक गोष्ट मात्र खरी: २०१२ साली जव्हारहून आलेल्या मुलाचा जिल्हाही आता पालघर दिसणार. वसतिगृहाला चालेल. जुन्या दाखल्याशी ताडून पाहायचे असते, तर वेगळा विचार करावा लागला असता.

९ जून

तालुक्याच्या कॉम्बोला दोन स्तंभ: पहिला क्रमांक, दुसरा नाव. पहिल्याची रुंदी शून्य; साठतो क्रमांक, दिसते नाव. त्याच्या रो सोर्समधल्या क्वेरीला अट घातली की फॉर्मवर निवडलेल्या जिल्ह्याचेच तालुके आण. पण जिल्हा बदलला म्हणून ही यादी आपणहून बदलत नाही. जिल्ह्याच्या आफ्टर अपडेटमध्ये तिला रिक्वेरी सांगावे लागते.

त्याच्याही आधी तालुका रिकामा करायचा. हे बहुतेक जण विसरतात. नाहीतर ठाणे-शहापूर निवडून नंतर जिल्हा सातारा केला, तरी शहापूरचा क्रमांक आत तसाच राहतो. पडद्यावर पेटी रिकामी आणि नोंद मात्र भरलेली. एका नोंदीवरून दुसरीवर गेले की यादी पुन्हा ताजी व्हावी म्हणून ऑन करंटमध्येही आधी नोंदीतल्या तालुक्यावरून जिल्हा भरायचा आणि मग तेच रिक्वेरी.

(कोडच्या खिडकीत देवनागरी लिहिली की अजूनही प्रश्नचिन्हांची रांग उमटते. मराठी संदेश तक्त्यात ठेवले, कोड तिथून वाचतो.)

१० जून

रेक्टर सरांना सगळी मुले एका पडद्यावर, खाली खाली ओळींत हवीत. तिथे हा फॉर्म फसतो. ओळी वीस दिसल्या तरी कॉम्बो एकच, त्याची यादीही एकच. चालू ओळीचा जिल्हा सोलापूर असेल तर बाकी जिल्ह्यांच्या मुलांचे तालुके कोरे दिसतात. क्रमांक शाबूत असतात, पण सरांना ते कसे पटावे? सरांसाठी वेगळा, फक्त वाचायचा फॉर्म केला. त्यात कॉम्बोच नाहीत, जोडलेल्या क्वेरीतून थेट नावे.

१२ जून

लालबागचा एक मुलगा आला. मुंबई शहर निवडले आणि तालुक्यांची यादी रिकामी! बरोबरच आहे, या जिल्ह्याला तालुकेच नाहीत. पण आपण जिल्हा ओळखतो तालुक्यावरून, म्हणजे हा पोरगा बेपत्ता. तालुक्यांच्या तक्त्यात मुंबई शहराखाली ‘तालुका नाही’ अशी ओळ घातली. माझे तालुके ३५९ झाले.

१४ जून

ऑफिसातल्या काकू दोन दिवस मुकाट्याने नोंदी करत होत्या. आज म्हणाल्या, “अहो, अर्जावर मु. पो., ता., जि. असं असतं. तुमचा फॉर्म मला उलटा वाचायला लावतो.”

काकूंचे म्हणणे रास्त आहे. जिल्ह्यापासून खाली उतरणे हा तक्त्यांचा क्रम. पत्ता सांगणारा माणूस गावापासून वर चढतो. गाव पहिले घेणे शक्य नाही, चाळीस हजारांची यादी कोण उघडणार? पण साडेतीनशे तालुके एका यादीत सहज मावतात. जिल्ह्याचा कॉम्बो काढूनच टाकला. तालुक्याच्या यादीत शेजारी जिल्हा दिसतो: ‘खे’ टंकले की खेड, पुणे आणि खेड, रत्नागिरी खाली-वर. निवडला की जिल्हा आपोआप शेजारी उमटतो. परावलंबी यादी आता गावांची तेवढी उरली.

१७ जून

काकूंनी अर्ज पुढे केला: ता. खानापूर, जि. बेळगाव. यादीत खानापूर होते, पण सांगलीचे. जिल्ह्यांच्या तक्त्याला राज्याचा स्तंभ जोडला. बेळगावचे तालुके आज भरले; गोव्याचे उद्या.