हशा आमचा, उधारी मित्रांची

हौशी नाटकात श्रेयनामावली एका दमात वाचली जाते. लेखक, दिग्दर्शक, कलाकार, नेपथ्य, प्रकाश, संगीत आणि शेवटी 'विशेष आभार'. तिथवर येईपर्यंत निवेदकाचा दम संपलेला असतो आणि प्रेक्षक मोबाइल बंद करण्यात गुंतलेले असतात. सांगलीत आमच्या ग्रुपने गणपतीत केलेली प्रहसनं काय, किंवा 1954 पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत उतरवलेला दोन अंकी फार्स काय, सगळं तरलं ते त्या शेवटच्या ओळीतल्या माणसांवर. म्हणून ती ओळ आज सावकाश वाचतो.

पहिला मान न हसणाऱ्या मित्राचा. हा गडी हार्डवेअरचं दुकान बंद करून रात्री वाचनाला येऊन बसतो. विनोद जमला तर नाकातून हलकासा आवाज काढतो, नाही जमला तर म्हणतो, "चहा सांगू का?" घरचे मायेपोटी हसतात, नट आपापल्या वाक्यांना हसतात. ह्याचा चहा मात्र खरा. पेन्शनर आजोबा नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला येतात, हा प्रसंग मी चांगला लांबलचक लिहिला होता. चहावर चहा झाले आणि शेवटी कॅशियरचं एकच वाक्य उरलं : "आजोबा, तुम्ही आहात हे मला दिसतंय हो, सिस्टीमला दिसत नाहीये." नाक वाजलं. वाक्य राहिलं.

दुसरा, लाइट सांभाळणारा. फार्समध्ये ब्लॅकआउट हाही एक संवादच असतो. लवकर झाला तर वाक्य गिळतो, उशिरा झाला तर नट एकमेकांची तोंडं बघत उभे राहतात. हा डिमरवर हात ठेवून, मान खाली घालून प्रेक्षागृह ऐकत बसतो. भावे नाट्यमंदिरात पहिल्या अंकाचं शेवटचं वाक्य पडलं आणि सगळीकडे शांतता. दुसऱ्या कुणीही घाबरून अंधार केला असता. हा थांबला. मागून कुणीतरी खिदळलं, मग सगळं थिएटर फुटलं आणि हशा चढत असतानाच त्याने अंधार केला. दाद आम्हाला मिळाली.

संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याच्या कागदपत्रांमागे लागणारी आमची मैत्रीणच प्रयोगात विंगेत प्रॉम्प्टिंगला उभी राहते. प्रेक्षक कुठे हसले याच्या पेन्सिलखुणा तिच्याच प्रतीत सापडतात. मी पुढचं लेखन त्या बघून करतो. आणखी एकाच्या आईने बैठकीतला सोफा टेम्पोत चढवू दिला, तोही पाहुणे घरात असताना. त्या मंडळींनी सतरंजीवर बसून पोहे खाल्ले.

1843 साली विष्णुदास भावे यांनी ह्याच गावात 'सीतास्वयंवर' केलं. त्यांच्या नाटकांत सूत्रधारापाठोपाठ विदूषक नाचत यायचा आणि दोघांची प्रश्नोत्तरं रंगायची. विदूषकाला हशा मिळायचा, पण गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारणारा समोर नसता तर तो नुसताच उड्या मारत राहिला असता. माझ्या मित्रांनी ही गंभीर चेहऱ्याची नोकरी बिनपगारी केली. घरी बायकोची बोलणी खाल्ली, टेम्पोचं भाडं खिशातून भरलं आणि बक्षीस समारंभाला मागच्या रांगेत बसून शिट्ट्या मारल्या.

गड्यांनो, मनापासून आभार. नवी संहिता तयार आहे, रविवारी रात्री वाचन आहे. सोफाही लागणार आहे.