थंड रेडिएटर

उत्तर इंग्लंडमधील एका धर्मग्रामात काही काळ सेवा करण्याचा योग मला आला होता. आम्हां बेळगावकडच्या माणसांची थंडी ती किती! एका शालीने भागते. तेथे मात्र घरात उष्णता खेळवावी लागते. वायूच्या ज्योतीवर बॉयलरमध्ये पाणी तापते, पंप ते नळांवाटे खोलोखोली फिरवितो आणि प्रत्येक खोलीतील रेडिएटर नामक चपटी लोखंडी पेटी त्या पाण्याने गरम होते. निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते. वर्षानुवर्षे तेच पाणी!

आमच्या निवासात वरच्या मजल्यावर एक वृद्ध, निवृत्त धर्मगुरू राहत. सबंध हिवाळा ते अंगात कोट घालूनच प्रार्थनेचे पुस्तक वाचीत बसत. ती त्यांची सवय असावी, असे मी धरून चाललो. उपवासकाळात एके सायंकाळी त्यांना सूप द्यावयास गेलो असता सहज रेडिएटरला हात लागला. वर कोमट, खाली अगदी गार.

“फादर, हे केव्हापासून?”

“नाताळाच्या आधीपासून. आपण कामात असता, कशाला त्रास द्यावा?”

त्याच नाताळात गव्हाणीतील बाळाच्या थंडीविषयी मी मोठ्या कळवळ्याने प्रवचन केले होते.

त्या रात्रीच त्यांच्या खोलीत विजेची शेगडी ठेविली. रेडिएटर वरून गार असेल तर आत हवा अडकलेली असते. लहानशा किल्लीने वरची झडप सैल केली की ती निघून जाते. खालून गार असेल तर मात्र तळाशी गाळ साचलेला असतो. त्यासाठी सगळे पाणी सोडून द्यावे लागते.

ईस्टरनंतर मी स्वतःच ते काम आरंभिले. बॉयलर बंद करून निवू दिला. माळ्यावरच्या टाकीतील तरंगता गोळा आडव्या काठीस बांधून नवे पाणी थांबविले. सर्वांत खालच्या तोटीला रबरी नळी जोडून तिचे टोक अंगणातील मोरीत सोडले. तोटी उघडली, थोडा वेळ पाणी आले आणि धार आटली. मी नळी झटकीत बसलो. धर्मग्रामातील एक जुने नळ-कारागीर वाटेने जात होते, ते हसू लागले. “फादर, वरून हवा आत गेल्यावाचून खालून पाणी कसे येईल?” वरच्या मजल्यावरील झडपा उघडताच आत हवा शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि खाली शाईसारखे काळे पाणी वाहू लागले. तो काळेपणा म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड. त्यांनी चुंबक धरला, तर कण त्यास चिकटले. गार रेडिएटर काढून आम्ही अंगणात धुतला.

असले पाणी दरवर्षी बदलावे, असे मी म्हणताच त्यांनी मान हलविली. जुन्या पाण्यातील प्राणवायू लोखंडाने केव्हाच घेतलेला असतो, म्हणून ते फारसे गंजवीत नाही. ताजे पाणी मात्र नवा प्राणवायू घेऊन येते. कारणावाचून उपसू नये, आणि भरताना गंजरोधक द्रव्य घालावे. हे मला सेमिनरीत कोणी शिकविले नव्हते.

पाणी भरून खालच्या मजल्यापासून वरपर्यंत एकेका रेडिएटरमधील हवा काढली व बॉयलर पेटविला. वृद्ध फादरांनी रेडिएटरच्या खालच्या कडेवर तळहात ठेविला, तो बराच वेळ तसाच. कोट मात्र त्यांनी काढला नाही.

“आता याची सवय झाली,” ते म्हणाले.