पितळेला नवी मान

पितळ या धातूवर मराठी भाषेने थोडा अन्यायच केला आहे. माणूस चांगला निघाला की तो सोन्यासारखा, निश्चय पक्का असला की तो पोलादी. आणि एखाद्याचे सोंग उघडकीला आले की लगेच त्याचे 'पितळ उघडे पडले'! पाण्याचा हंडा, देवापुढची समई, पानाचा डबा, ही सारी पिढ्यान् पिढ्या ज्याच्यावर विसंबून राहिली, त्या बिचाऱ्या धातूची ही संभावना.

आमच्या घरात मात्र पितळेला हिणकस म्हणण्याची सोय नव्हती. वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते, आणि आमची चूल पितळेवरच पेटत होती म्हणा ना! हा कारखाना १८६९ सालचा. दुसऱ्या महायुद्धात तिथे 'थ्री-नॉट-थ्री'ची काडतुसे निघत. वडील रात्री जेवताना ताटातली वाटी हातात घेऊन आम्हांला काडतुसाचा जन्म समजावून देत. शंभर भागांत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. आधी पत्र्याची चकती, मग चकतीची वाटी, मग वाटी दाबून-ओढून लांब नळी. दर ओढीला धातू कडक होतो, मग त्याला भट्टी दाखवून नरम करायचे, आणि पुन्हा ओढायचे. "पितळ मार विसरत नाही," ते म्हणत. "त्याला विसरायला लावायचे तर शेकावे लागते."

वडील गेले, आणि त्यांच्याबरोबर ही विद्याही आमच्या घरातून गेली. पुढे माझी नोकरी कागदांची झाली. मला लोखंडाचा खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही. पितळेची पुन्हा गाठ पडली ती पंचाहत्तरी ओलांडल्यावर, आणि तीही हजारो मैल दूर.

पत्नी गेल्यानंतर मुलीने मला ऑस्ट्रेलियात बोलावून घेतले. न्यू साउथ वेल्समधल्या एका लहानशा गावी ती राहते. सकाळी मुलगी, जावई आणि नातू आपापल्या वाटेने निघून गेले की घरात मी आणि घड्याळ. तेव्हा कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याने मला हाक मारली. माझ्याच वयाचा, उंच, उन्हाने रापलेला शेतकरी. घरामागे त्याची पत्र्याची शेड. तिथे गेलो तेव्हा तो एका पुंगळीची मान बारीक करीत होता.

पुंगळी म्हणजे काडतुसाचे रिकामे पितळी कवच. त्याच्या अवयवांना इंग्रजीतही माणसाचीच नावे आहेत. वर गोळी धरणारी मान, तिच्याखाली उतरता खांदा, मग धड, आणि तळाला जाडजूड बूड. शेजाऱ्याकडे वडिलांची एक जुनी रायफल आहे. तिचे काडतूस '३०३-२५' नावाचे, आणि त्या नावामागे एक इतिहास आहे.

सिडनीच्या पश्चिमेला लिथगो येथे १९१२ साली बंदुकांचा सरकारी कारखाना निघाला. तिथे सैन्यासाठी थ्री-नॉट-थ्री रायफली बनत. युद्धे संपली आणि बंदुका उरल्या. ससे, कोल्हे आणि कांगारू यांनी गांजलेल्या शेतकऱ्यांना त्या हव्या होत्या. पण सैन्याच्या मापाची रायफल सामान्य नागरिकाने बाळगण्यावर या राज्यात बंधन होते. मग कारागिरांनी युक्ती काढली. रायफल तीच ठेवायची, नळी बदलायची, आणि काडतुसाची मान आवळून तिच्यात इंचाच्या पाव भागाएवढी लहान गोळी बसवायची. बूड थ्री-नॉट-थ्रीचे, मान पंचविसाची! कायद्याचेही समाधान, सशांचाही बंदोबस्त.

आपल्याला यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडेही थ्री-नॉट-थ्री हे माप नागरिकांना निषिद्धच, म्हणून परवानाधारकांसाठी ईशापूरच्या कारखान्यात '३१५' मापाची रायफल बनत आली. राज्यकर्ता कोणीही असो, आपल्या शिपायाची गोळी रयतेच्या बंदुकीत बसू नये, ही काळजी तो घेतोच.

एकेकाळी ३०३-२५ ची तयार काडतुसे दुकानात मिळत. आता ती सहजी मिळत नाहीत, म्हणून शेजारी स्वतःच पुंगळ्या घडवतो. १९९६ नंतर त्या देशात बंदुकीचे कायदे फार कडक झाले. त्याच्या परवान्याचे कागद शेडमध्ये पोलादी कपाटात कुलपात असतात. (आपल्याकडे कोणी हा उद्योग घरी करू जाऊ नये, १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विनापरवाना दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे.) दारू भरण्याच्या भागात मला रस नव्हता. मला रस होता पितळेत.

आधी तो पुंगळ्या एका पसरट थाळीत उभ्या करतो आणि त्यांचे बूड बुडून वर धडापर्यंत येईल एवढे पाणी ओततो. मग शेडचा दिवा मालवतो. अंधार अशासाठी, की तापलेल्या पितळेचा रंग डोळ्यांना नेमका कळावा. एकेका मानेवर तो गॅसची ज्योत फिरवतो, आणि मान लालसर होऊ लागली न लागली तोच बोटभर काडीने पुंगळी पाण्यात आडवी करतो. चर्र असा आवाज होतो. मला वाटले, लोहार कोयत्याला पाणी देतो तसेच हे. शेजारी म्हणाला, "छे! पोलाद पाण्यात बुडवले की कडक होते. पितळ नाही होत. पाणी आहे ते ऊब खाली बुडाकडे उतरू नये म्हणून."

सारी मेख इथेच आहे. मान नरम हवी, कारण तिला वाकायचे आहे. न शेकता आवळली तर ती तडकते. पण बूड कडकच राहिले पाहिजे, कारण बार उडतो तेव्हा सारा दाब त्याने सोसायचा असतो. बूड नरम पडले तर पुंगळी मागच्या अंगाने फुटेल आणि तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येईल. एकाच बोटभर वस्तूचे एक टोक मऊ आणि दुसरे टणक, आणि दोहोंच्या मध्ये थाळीतले पाणी!

मग लोकरीच्या तेलकट मेणाचा हलका हात देऊन पुंगळी प्रेसमधल्या डायमध्ये जाते. मेण कमी पडले तर ती आत अडकते, जास्त झाले तर खांद्याला खळी पडते. मान एकदम आवळायची नाही. आधी मधल्या मापाच्या डायमध्ये, मग शेवटच्या. मी विचारले, मान अरुंद झाली तर जास्तीचे पितळ जाते कुठे? तो हसला. मानेची भिंत जाड होते आणि पुंगळी किंचित लांबते. ते वाढलेले पितळ मग कातून, कड घासून काढायचे. इतके करूनही वीसातल्या एकदोन फुटतातच. शेवटचा हात बंदूकच फिरवते. पहिल्या बाराच्या दाबाने पितळ फुगून कोठडीच्या भिंतीला चिकटते, आणि दाब ओसरला की केसभर मागे सरते. तेव्हा ती पुंगळी त्या बंदुकीची झाली.

एके दिवशी फळीवरची एक काळवंडलेली पुंगळी त्याने माझ्या हातात ठेवली. त्याच्या वडिलांनी युद्धावरून आणलेली. "हिचा मला उपयोग नाही," तो म्हणाला. "हिच्या बुडात दोन बारीक भोके आहेत, जुनी टोपी सळईने ठोकून निघत नाही. आणि ही अक्षरे कुठली तेही ठाऊक नाही." मी चष्मा सावरून पाहिले. बुडावर 'के' आणि 'एफ' ही दोन अक्षरे, मध्ये सरकारी बाण, आणि खाली ४३ हा आकडा. खडकी!

१९४३ साली माझे वडील त्या कारखान्यात होते. ही पुंगळी त्यांच्या हाताखालून गेली असेलच असे नाही. पण गेली नसेल असे तरी कोण म्हणणार? मी शेजाऱ्याला खडकी कुठे ते सांगितले, वाटीची नळी कशी होते ते सांगितले, आणि सांगता सांगता माझा आवाज मला वडिलांसारखा वाटू लागला. तो म्हातारा माझ्याकडे पाहत गप्प उभा राहिला. मग त्याने आपल्या वडिलांविषयी सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी प्रेसचा दांडा कोणी ओढला नाही.

वडिलांची आणखी एक गोष्ट मला तिथेच आठवली. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवणीतल्या काडतुसांना आपोआप तडे जात. कोणी हात लावलेला नाही, धक्का नाही, आणि पितळ उभे चिरलेले! १९२१ साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी कारण सिद्ध केले. घडवताना धातूत राहून गेलेला ताण, आणि त्यावर दमट हवेतला अमोनिया. ही काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेवलेली असत, तेव्हा अमोनियाला काय तोटा! उपाय साधा होता: घडवून झाल्यावर पितळेला मंद आचेवर शेकायचे. आकार तोच राहतो, आतला ताण तेवढा निवळतो.

मुलगी गेले वर्षभर एकच म्हणत होती, "बाबा, आता तुम्ही इथेच राहा." मीही हसतमुखाने विषय टाळीत होतो. बाहेरून मला कुठे चीर नव्हती. पण शेजाऱ्याच्या शेडमध्ये दुपारमागून दुपार काढल्यावर मला उमगले, की मला शेक लागतो आहे; आणि तो लागायलाच हवा होता.

मी तिला हो म्हटले. संध्याकाळी सहाला जेवायचे, चहा पिशवीचा प्यायचा, फिरायला जाताना टोपी घालायची, हे सारे आता मला जमते. ही माझी मान. पण नातवाशी मी मराठीतच बोलणार. तो इंग्रजीत उत्तर देईना का! तिथे मी पाणी ओतून ठेवले आहे. बुडावर कोणत्या गावाचा शिक्का आहे, हे त्याला वाचता आले म्हणजे झाले.

आणि आता कोणी कुणाचे पितळ उघडे पडले म्हणून खदाखदा हसू लागला, तर मला त्या हसण्यात सामील होववत नाही. उघडे पडल्यावर आत पितळच निघाले ना? मग वाईट ते काय झाले?